नलू, भांडण अर्ध्यावर राहिलं

नलू,

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी तुझ्याशी भांडतच होते. हात कणकेत होते आणि तोंडानं तुला उत्तरं देणं चाललं होतं. गुरुवारी दवाखान्यात तू जे जे बोललीस, त्यातल्या एकेका वाक्याला मी तेव्हापासून उत्तर शोधत होते आणि त्या सकाळी एक चांगलं सापडलंही होतं. तेवढ्यात वसंतराव दारात येऊन उभे राहिले. तुझा नवरा असा एकटा, सकाळी, माझ्या घरी कधी आलेला नाही. त्यांना काही सांगावं लागलं नाही, मला काही विचारावं लागलं नाही. मी हात धुतले आणि चपला घातल्या. कणीक तशीच परातीत राहिली.

प्रताप नगरला तुझ्या घरी सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. बोलणारच. तुझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "मनानं फार मोकळ्या होत्या हो नलूताई. पोटात म्हणून काही ठेवायच्या नाहीत." मी भिंतीला टेकून ऐकत होते. तुझ्या पोटात काय होतं आणि ते किती वर्षं होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. काकूंनी मला पाण्याचा ग्लास दिला, तो मी घेतला.

म्हणून हे लिहिते. तू कुठल्या साली जन्मलीस आणि कुठं नोकरी केलीस ते ज्यांना सांगायचं ते सांगतील. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. बोर्डिंगच्या शाळेत तू माझी एकुलती एक मैत्रीण होतीस आणि तूच बाईंना माझं नाव सांगितलंस. त्या सांगण्यानं माझी शाळा सुटली. सांगणारी तू होतीस हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मला कळलं आहे, हे मात्र तुला वीसेक वर्षं कळलं नव्हतं. ते या गुरुवारी कळलं. आता प्रश्न एवढाच उरतो की मधली वीस वर्षं आपण एकमेकींच्या कोण होतो. तूही तेच विचारत होतीस, आणि मी उत्तर न देता उठून आले.

धंतोलीतल्या त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही, आपल्या रेक्टरबाईंचंही नाही. आपण त्यांना नुसतं बाई म्हणत होतो, इथंही तेच पुरे. बाई अंगानं बारीक, कायम पांढऱ्या साडीत, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी कधी कोणावर छडी उगारली नाही. त्यांच्याकडे रविवार होता.

रविवारी न्हाणं झालं की मागच्या व्हरांड्यात केसांची रांग लागायची. बाई वेताच्या बुटक्या मोड्यावर बसायच्या आणि एकेक मुलगी त्यांच्या पुढ्यात पाठमोरी बसायची. प्रत्येकीनं आपली फणी आपण आणायची. बाई तेल लावायच्या, गुंता सोडवायच्या, उवा बघायच्या, दोन घट्ट वेण्या घालून द्यायच्या. आणि हे करता करता विचारायच्या, काय गं, खोलीत सगळं बरं ना? कोणी रडतं का? कोण कोणाशी बोलत नाही सध्या? आपल्याला त्यांचा चेहरा दिसत नसे, त्यांना आपली मान दिसे. घर सोडून आलेल्या मुलीच्या डोक्यावरून आठवड्यातून एकदा कोणाचा तरी हात फिरतो, तेव्हा ती बोलते. जी बोले तिच्या केसांत बाईंचा हात जरा जास्त रेंगाळे. जी गप्प राही तिला लवकरच "झालं, ऊठ" ऐकू येई. आज मी स्वतः पोरींना शिकवते, वर्गातल्या चहाड्या रोज ऐकते, पण इतकी सोपी आणि इतकी पक्की पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

त्यामुळं कोण किती वेळ बसलं याकडे सगळ्यांचं लक्ष असे. आपल्या खोलीतल्या मंदाचे केस जेमतेम खांद्यापर्यंत आणि ती उठायची मात्र उशिरा. म्हणून चहाडखोर म्हणून तिचं नाव पक्कं झालं होतं. तुझे केस कमरेच्या खाली. तुला वेळ लागणारच. तुझ्यावर संशय घ्यावा असं कोणाच्या मनात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

बाईंबद्दल एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, नाहीतर माझ्याकडून अन्याय होईल. आम्ही कन्हानच्या कोळसा खाणीच्या वस्तीतले. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. आमच्या हातचं पाणी न घेणारी घरं तेव्हाही होती आणि शाळेत आले तेव्हाही होती. पहिल्या रविवारी मी रांगेत मागे मागे सरकत होते, कारण बाई मला बोलावतील की नाही याची खात्री नव्हती. सगळ्या उठल्यावर बाई म्हणाल्या, "ये, तुझं राहिलं." सुटीत घरी हे सांगितलं तेव्हा माय विड्या वळता वळता थांबली. त्यामुळं मला आजही बाईंवर धड रागावता येत नाही.

तू उमरेडची. वडील तहसिलात कारकून. आई तू लहान असतानाच गेलेली आणि घरात नवी आई आली तेव्हा तुझी रवानगी बोर्डिंगात झाली. तू माझ्या आईबद्दल इतकं विचारायचीस की कधीकधी मला कंटाळा येई. ती भाजीत काय घालते, रागावली की काय म्हणते, तुला अजून मारते का. मी सांगत राहायची. घरी गेले की मायला तुझं सांगायची. तुम्ही दोघी एकमेकींना माझ्या तोंडून चांगल्या ओळखत होतात.

दसऱ्याला आमच्या वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून, भाकरी बांधून, गाडीनं नागपूरला यायच्या, दीक्षाभूमीवर. शाळेत भेटीचा दिवस ठरलेला असे आणि त्या दिवशी मायला कधीच येता आलं नाही. एका दसऱ्याला ती आपल्या फाटकापर्यंत आली होती. बाईंनी तिला गोड शब्दांत सांगितलं, आज भेटीचा दिवस नाही, एकीला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं. माय "बरं जी" म्हणून परत गेली. मला ते नंतर कळलं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ठरवूनच टाकलं. माय म्हणाली, "दसऱ्याले मी पाण्याच्या टाकीपाशी बसन. आली तर आली, नाही तर मी समजून घेईन."

तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "जा वं तू. इथलं मी पाहते." दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्या आडव्या झाल्या तेव्हा मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं निघाले आणि काछीपुऱ्याच्या बाजूनं चालत गेले. कोणी विचारलं तर शांताचं पोट बिघडलंय, असं तू सांगणार होतीस. तसं तू दोघींना सांगितलंसही. गर्दी एवढी होती की मला टाकीच दिसेना. पण माय टाकीपाशी बसलेली सापडली. थोडा वेळ तिच्याजवळ बसले आणि संध्याकाळी सोनं वाटायला सगळ्या जमायच्या आत परत आले.

तू मागच्या पायरीवर बसली होतीस. त्या दिवशी भेट नसली तरी गावातल्या मुलींसाठी कोणी ना कोणी फाटकावर नवे कपडे, गोडधोड देऊन गेलं होतं. तुझे वडील येतो म्हणून आले नव्हते. तू मला पाहिलंस आणि विचारलंस, "भेटली?" तुझ्या चेहऱ्यावर आनंद आधीच येऊन बसला होता. माझ्यासाठी आनंद करायची तुझी तयारी होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "नाही भेटली वं. लय गर्दी होती." तू माझा हात धरलास आणि माझ्यासाठी रडायला लागलीस. मी तुझ्याशेजारी बसून राहिले.

मग रविवार आला, केस झाले, आणि सोमवारी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"शांता, दसऱ्याला दुपारी तू कुठे होतीस?"

मी म्हटलं, पोट बिघडलं होतं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला जवळच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"खोटं बोलू नकोस. मला वाईट कशाचं वाटतं सांगू? एवढ्या गर्दीत तू एकटी गेलीस, काय झालं असतं कोण जाणे, आणि इतकं करून तुझी आई भेटलीसुद्धा नाही."

भेटली की, असं मी म्हणणार होते. शब्द ओठावर आला होता. तिथंच तो थांबला, कारण आई भेटली नाही असं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. बाई पुढं बरंच बोलल्या. शिस्त, त्यांच्यावरची जबाबदारी, वडिलांना निरोप पाठवते आहे, सामान बांध. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते टेबलावर एकावर एक ठेवलेले होते.

खोलीत आले तर तू माझ्या ट्रंकेपाशी. बातमी माझ्याआधी पोचली होती. तू माझे कपडे घड्या करून ठेवत होतीस आणि तुझं नाक लाल झालं होतं. तू विचारलंस, "कोणी सांगितलं असन वं?"

मी म्हटलं, "काय माहीत."

"मंदानंच. दुसरं कोण राहणार."

तेव्हा मला राग आला असं मी पुढं स्वतःलाच सांगत आले, पण ते खरं नाही. मला भीती वाटली. तुझा चेहरा खरोखर सुजला होता. तू नाटक करत नव्हतीस. सांगणारीही तूच आणि रडणारीही तूच, आणि दोन्ही खरं, हे त्या वयात माझ्या डोक्यात मावेना. तुझ्यासमोर ट्रंकेचं झाकण लावताना मला वाटलं, आता कोणाचाही चेहरा पाहून मला काही कळणार नाही. ती सवय अजून आहे. वर्गात एखादी पोरगी रडायला लागली की मी आधी थोडा वेळ गप्प राहते.

बाबांनी मला घरी नेलं आणि शाळा बंद केली. एकदा काढलेल्या पोरीला पुन्हा कोणाच्या दारात उभं करणार नाही, म्हणाले. मी मायजवळ बसून विड्या वळायला लागले. हिवाळा गेला, होळी झाली, आणि भर उन्हाळ्यात माय गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि मग उतरलाच नाही. बाबा त्यानंतर कोणाशी वाद घालण्याच्या मनःस्थितीत राहिले नाहीत. इंदोऱ्याच्या आत्यानं मला आपल्याकडे आणलं आणि जवळच्या शाळेत पुन्हा दहावीत बसवलं. तू एक वर्ष पुढं निघून गेलीस.

तू कॉलेजात गेल्यावर माझा पत्ता शोधत इंदोऱ्याला आलीस. सायकलवरून, घामानं डबडबलेली, कॅरिअरला तुझी मॅट्रिकची सगळी पुस्तकं. आत्या बिचकली. बामणाची पोरगी आपल्याकडचा चहा घेईल की नाही, म्हणून तिनं मला आत बोलावून विचारलं. तू तो बशीत ओतून प्यालीस आणि अजून आहे का म्हणालीस. त्या दिवसापासून तू दर रविवारी आलीस. गणित मला तू शिकवलंस, इंग्रजीही तूच. मॅट्रिक मी तुझ्यामुळं पास झाले. आज माझी नोकरी आहे, माझं घर आहे, त्याच्या तळाशी तुझे ते रविवार आहेत. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, तू फुगली असतीस.

पण त्याच रविवारी मी तुला पकडायलाही बघत होते. भूमितीचं प्रमेय मध्यावर आलं की मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "नलू, बाईले कोणी सांगितलं असन?" तुझी पेन्सिल थांबायची. मान वर व्हायची नाही. "मंदानं. अजून कोण," म्हणून तू पुढची ओळ लिहायचीस. मी तुझ्या मानेकडे बघत राहायची, बाई बघत तशी. कधी म्हणायची, "माय त्या दिवशी भेटली असती तर बरं झालं असतं." तू म्हणायचीस, "हो ना वं," आणि तुझे डोळे भरून यायचे. तुझ्या कबुलीजबाबाची मी दर आठवड्याला टपून बसलेल्या मांजरीसारखी वाट बघत होते असं वाटेल, पण तसंही नव्हतं. तू खरंच बोललीस तर काय करायचं हे मी ठरवलेलं नव्हतं. तू न बोलताच सायकलवर बसलीस की मला बरं वाटायचं.

एकदा तू सांगितलंस की बोर्डिंगात मंदाशी वर्षभर कोणी बोललं नाही. माझ्यामुळं. "मीबी नाही बोलली," तू म्हणालीस. ते ऐकून मी पाणी प्यायला उठले.

मग लग्नं झाली, मुलं झाली, तुझं माझं भांडण इतर गोष्टींवर होत राहिलं. मी हुडकेश्वरला प्लॉट घेतला तेव्हा तू म्हणालीस तिथं कोल्हे येतात, माणसं कधी येणार? मी म्हटलं, तू येशील ना, तेवढं पुरे. तू खरंच आलीस, बस बदलून, चिखल तुडवत, आणि आल्या आल्या विहिरीचं पाणी चाखून म्हणालीस, खारं आहे. तू माझ्या पोरांची मावशी होतीस. तुझ्या दुखण्यात मी आठवड्यातून दोनदा येत होते. तुला आवडतं तसं वरण, पातळ, लसणाचं.

गुरुवारी तू वरण घेतलं नाहीस. भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "शांता, मले तुले एक सांगाचं आहे. लय वर्षं झाले सांगाचं आहे."

"सांग."

"दसऱ्याचं बाईले मीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "माहीत आहे मले."

तू वळलीस. इतक्या दिवसांत एवढ्या जोरात वळलेली मी तुला पाहिली नव्हती. "कधीपासून?"

"त्याच सोमवारपासून."

मग मी तुला बाईंचं ते वाक्य सांगितलं. आई भेटलीसुद्धा नाही. आणि आई भेटली नाही हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. तुला ते लवकर उमजेना. मग उमजलं.

"म्हणजे भेटली होती?"

"भेटली होती."

तू उशीला टेकून बसलीस. मला वाटलं आता रडशील. तू चिडलीस. नलू, मरणाच्या दारात बसून इतकं चिडलेलं माणूस मी पाहिलं नाही.

"मग तू खोटं काहून बोलली?"

"तुझ्यासाठी. तुझे बाबा नव्हते आले त्या दिवशी. तुझ्यासमोर मी कशी सांगणार होती?"

"मी मागितलं होतं का तुले हे? मी बाईजवळ काहून बोलली माहीत आहे? बाईनं विचारलं, शांता गप्प काहून आहे. मले तुझी दया आली. एवढी चालत गेली आणि आई नाही भेटली. मले वाटलं, बाईलेबी दया येईन, तुझ्या आईले बोलावणं धाडतीन. मी रडून राहिली होती अन् सांगून राहिली होती. तू खरं बोलली असती तर मी तोंड उघडलंच नसतं."

"वा. म्हणजे माझीच चूक झाली आता."

तू भिंतीकडे तोंड वळवलंस. मग हळू म्हणालीस, "सगळं दयेनं नाही बोलली. बाईचा हात होता ना डोक्यावर. मी सांगत होती तोवर तो थांबत नव्हता. म्हणून आणखी सांगितलं." आणि पुन्हा आवाज चढवलास, "पण तुले माहीत होतं ना? मग दर रविवारी मले येऊ काहून दिलं? वरण काहून आणून राहिली? शिक्षा देऊन राहिली होती का मले, इतके वर्षं?"

मी म्हटलं, "आणि तू? तू मैत्रीण म्हणून येत होती का भरपाई करायले? आणि मंदाचं काय?"

"मंदाचं तर तूबी नाही बोलली," तू म्हणालीस.

नर्स आली, भेटीची वेळ संपली म्हणाली. मी डबा उचलला. दारापर्यंत गेले तर तू मागून विचारलंस, वेगळ्याच आवाजात, "काय म्हणाली होती वं तुझी आई त्या दिवशी?"

मी रागात होते. "उद्या सांगते," म्हटलं.

शुक्रवारी शाळेत तपासणी निघाली आणि मला उशीर झाला. शनिवारी तू कोणाला ओळखत नव्हतीस. वसंतरावांनी नंतर मला सांगितलं, शुक्रवारी तू दिवसभर दाराकडे बघत होतीस. ते म्हणाले, "मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणाली, नाही, शांता यायची आहे, आमचं भांडण चालू आहे." हे सांगताना त्यांना हसू आलं आणि मग ते बाहेर जाऊन उभे राहिले.

तर आता मी आले आहे.

मंदाचं तू म्हणालीस ते खरं. तिथं आपण दोघी सारख्या. शिक्षेचं मात्र खरं नाही. परीक्षेच्या आधीचा एक रविवार तू आली नाहीस. आत्या म्हणाली, मोठ्या घरची पोट्टी, कंटाळली असन. मी जेवले नाही. उन्हात इंदोऱ्यापासून धंतोलीपर्यंत चालत तुझ्या कॉलेजच्या होस्टेलच्या फाटकाशी आले. गोवर आल्यामुळं तुला वेगळ्या खोलीत ठेवलंय, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. तू आहेस, बरी होशील, एवढं ऐकलं आणि परत चालत गेले. शिक्षा देणारं माणूस असं चालत येत नाही. तू माझ्याकडे भरपाई म्हणून येत होतीस की काय ते तुझं तुला ठाऊक. मी तुझी वाट बघायची, नलू. तू काय केलंस ते माहीत असून बघायची. मला दुसरं कोणी नव्हतं आणि पुढं माणसं मिळाली तरी मला तूच हवी होतीस.

आणखी एक. तू बाईंना सांगितलं नसतंस तर मी बोर्डिंगात राहिले असते आणि माय गेल्याची मला चिठ्ठी आली असती. शाळा सुटली म्हणून तिचे शेवटचे महिने मला मिळाले. तिच्याबरोबर विड्या वळल्या, तिच्या शिव्या खाल्ल्या, तिचे पाय दाबले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू सुटली असतीस, आणि तू इतक्या सहज सुटावीस अशी माझी इच्छा नव्हती. त्याला तू शिक्षा म्हणत असशील तर तेवढी मी दिली.

आता तू शेवटी विचारलंस ते.

त्या दिवशी टाकीपाशी मला पाहून माय उठली आणि माझ्या मागं बघायला लागली. "एकटीच आली? ते कुठी आहे?"

"कोण?"

"तुई नलू. उन्हाळाभर जिचं सांगून राहिली होती ते."

मी म्हटलं, तिला नाही येता येत, ती माझ्यासाठी तिकडं थांबली आहे. माय नाराज झाली. तिच्या कमरेला दोन पुड्या खोचलेल्या होत्या, गूळ घालून केलेल्या तिळाच्या वड्या. एक तिनं मला दिली. मी दुसरीसाठी हात पुढं केला, तुला नेऊन देते म्हटलं, तर ती देईना.

"हे मी तिच्या हातात देईन. बिनमायचं लेकरू आहे, त्याले कोणाच्या हातानं धाडाचं नसते. समोर बसवून खाऊ घालाचं असते. पुढल्या साली तिलेबी आनजो. बाई नाही म्हने तर पळवून आनजो."

आमची भेट थोड्या वेळाची आणि त्यातला निम्मा वेळ तुझ्यातच गेला. तुला लाडू आवडतात की वड्या, केस एवढे लांब आहेत तर धुऊन कोण देतं, हेच ती विचारत बसली. माझ्या अभ्यासाचं तिनं विचारलंच नाही. निघताना पुन्हा बजावलं, विसरजो नको.

हे तुला मी त्याच संध्याकाळी पायरीवर सांगितलं असतं तर तू रविवारी बाईंपुढं माझ्यासाठी रडत बसली असतीस का? नसतीस. बाईंचा हात डोक्यावर कितीही वेळ फिरला असता तरी तू गप्प बसली असतीस, कारण पुढच्या दसऱ्याला तुलाही त्याच दारानं निघायचं असतं. भांडण तू जिंकलीस, नलू.